काकडीचे मोल

चोरीविषयी आपल्या भाषेत म्हणींची वाण नाही. चोराच्या मनात चांदणे असते, चोराच्या उलट्या बोंबा असतात, आणि चोर सोडून संन्याशाला सुळी देणारे राजेही असतात. या गर्दीत दोन म्हणी मात्र अशा आहेत की त्या समोरासमोर उभ्या राहून आजवर भांडत आल्या आहेत. पहिली म्हणते, काकडीच्या चोरीला फाशीची शिक्षा नको. दुसरी उत्तर देते, म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो. एक वस्तूच्या किमतीकडे बोट दाखवते, दुसरी माणसाच्या सवयीकडे. दोघीही आपल्या आज्यांनीच आपल्याला शिकवल्या. कोणती केव्हा वापरायची, हे मात्र कोणत्याच आजीने सांगितले नाही. ते ज्याने त्याने ठरवायचे.

आता हे ठरवण्याचे काम कायद्याने आपल्याकडे घेतले आहे. 1 जुलै 2024 पासून देशात भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या 303व्या कलमाने चोरीला तीन वर्षांपर्यंतची कैद ठेवली आहे. पण पुढे एक नवी सवलत जोडली आहे. चोरलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा मालाची किंमत परत केली असेल, तर त्याला तुरुंगात न पाठवता सामुदायिक सेवा करायला लावायची. सोबतच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टाने अशी चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरवली आहे. म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही, आणि वॉरंटाशिवाय कोणाला धरताही येत नाही.

पाच हजारांवर एक रेघ ओढली गेली आहे. रेघेच्या अलीकडे काकडी, पलीकडे चोरी! दिवाळीच्या खरेदीला गुलमंडीवर किंवा पैठण गेटला गेलेल्या कुटुंबाला ही रेघ दिसत नाही. पण त्या गर्दीत कोणाचा मोबाइल गेला, कोणाचे पाकीट गेले, की संध्याकाळच्या आत ती रेघ त्याला ठाण्यात भेटते. अशी रेघ ओढावी का, कोणत्या मापाने ओढावी आणि तिच्यावर किती भार टाकावा, हा प्रश्न वकिलांचा म्हणून आपण सोडून देतो. तो आधी नीतीचा प्रश्न आहे.

रेघ मुळीच नको, असे म्हणणे अवघड आहे. घरातले उदाहरण घ्या. फराळाच्या डब्यातला लाडू धाकट्याने न विचारता खाल्ला, तर व्याख्येप्रमाणे ती चोरीच. 1837 साली मेकॉलेच्या आयोगाने दंडसंहितेचा पहिला मसुदा सरकारला दिला, तेव्हा त्यांनाही ही अडचण दिसली होती. दुसऱ्याच्या दौतीत टाक बुडवला तर तीही आपल्या व्याख्येत चोरी ठरते, असे त्यांनी टिपणांत नमूद केले. म्हणून शहाण्या माणसाने तक्रार करू नये इतकी क्षुल्लक हानी गुन्हा समजू नये, असे कलम त्यांनी घातले. 1860च्या संहितेत ते 95वे होते. आजच्या संहितेत ते 33वे आहे. लाडवाचा प्रश्न तेवढ्याने सुटला. पण लाडू आणि तिजोरी यांच्या मध्ये अफाट प्रदेश पसरला आहे, आणि खरे भांडण त्या प्रदेशातले आहे.

जुन्या शास्त्रकारांनी या प्रदेशाची मोजणी आपापल्या काठीने केली. मनुस्मृतीत सोन्या-रुप्याच्या चोरीला वजनाच्या पायऱ्या आहेत: शंभरांच्या वर प्राणदंड, पन्नासांच्या वर हात तोडणे, त्याखाली किमतीच्या अकरापट दंड. तिथेच दुसरे माप आहे. वाटसरूची शिदोरी संपली आणि त्याने दुसऱ्याच्या शेतातले दोन ऊस आणि दोन कंद घेतले, तर त्याला दंड नाही. ही सवलत द्विजापुरती आहे, आणि त्या ग्रंथात जातीनुसार कमीजास्त क्रौर्य आहे, हे विसरून चालणार नाही. तरी त्यातले तिसरे माप लक्षात ठेवण्याजोगे आहे. चोरी समजून-उमजून केली असेल तर शूद्राचा दोष आठपट, वैश्याचा सोळापट, क्षत्रियाचा बत्तीसपट आणि ब्राह्मणाचा चौसष्टपट किंवा त्याहूनही अधिक. म्हणजे वस्तू तीच, पण ज्याला अधिक कळते त्याची चोरी मोठी. किमतीच्या तराजूत हे माप बसतच नाही.

आपल्या शहरापासून थोड्याच अंतरावर, खुलताबादला, ज्याची कबर आहे त्या औरंगजेबाच्या आज्ञेवरून 'फतावा-ए-आलमगिरी' या ग्रंथाचे संकलन झाले. तो हनफी पंथाच्या मताचा आहे. त्या मताप्रमाणे हात तोडण्याची शिक्षा दहा दिरहमांखालच्या चोरीला लागू होत नाही. इतर काही पंथांनी ही मर्यादा तीन दिरहम धरली आहे. शिवाय हनफी मताने लवकर नासणारे पदार्थ, दूध, ताजी फळे, यांच्या चोरीला ती शिक्षा वर्ज्य केली. काकडी चोरणाऱ्याचा हात तिथेही वाचला असता! दुष्काळाच्या दिवसांत खलिफा उमर यांनी ही शिक्षा थांबवली होती, असे परंपरा सांगते. शिक्षा जितकी भयंकर, तितकी ती ज्यांच्या हाती होती त्यांनी तिला कुंपणे घातली.

कुंपण घालताना पैशाचे माप वापरले की काय होते, ते इंग्लंडच्या इतिहासात स्पष्ट दिसते. तेराव्या शतकापासून तिथे बारा पेनींवर रेघ होती. त्याहून अधिक किमतीची चोरी 'मोठी' आणि तिला गळफास, त्याखालची 'लहान'. शतके उलटली, पैसा स्वस्त झाला, बारा पेनींना पूर्वी जे येई त्याचा लहानसा अंशही येईनासा झाला. पण आकडा हलला नाही. अठराव्या शतकात राहत्या घरातल्या चाळीस शिलिंगांच्या चोरीला देहदंड ठरला. मग ज्यूरीतल्या सामान्य माणसांनी आपला मार्ग शोधला. डोळ्यांसमोर ठेवलेल्या मालाची किंमत कितीही असो, ते शपथेवर सांगत, माल एकोणचाळीस शिलिंगांचा आहे! ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने या प्रकाराला धर्मबुद्धीने केलेली शपथमोड म्हटले. चोराचा प्राण वाचवण्यासाठी बारा सज्जन खोटे बोलत होते. लहान-मोठ्या चोरीचा हा भेद 1827 साली कायद्यातून गेला, पण त्यातला धडा जुना होत नाही. कायद्याचा आकडा आणि लोकांची न्यायबुद्धी यांची फारकत झाली, की पहिला बळी सत्याचा पडतो.

आपल्याकडे 1860च्या संहितेने चोरीच्या शिक्षेला किमतीची पायरी ठेवली नव्हती. तीन वर्षांपर्यंत किती द्यायची, ते न्यायाधीशाने पाहावे, एवढेच सांगितले होते. नुकसानीच्या आगळिकीला मात्र तिने पन्नास रुपयांची रेघ घातली. त्यावर नुकसान झाले तर दोन वर्षांपर्यंत कैद. त्या काळी पन्नास रुपये ही मजुराची कित्येक महिन्यांची कमाई होती. हा आकडा 30 जून 2024पर्यंत जागचा हलला नाही. अखेरीस तेवढ्यात एका माणसाचा नाश्ता धड होत नव्हता! नव्या संहितेने ती रेघ एकदम वीस हजारांवर नेली. किरकोळ चोरीचे खटले थोडक्यात चालवण्याची मर्यादा 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत दोनशे रुपये होती. 2005च्या दुरुस्तीने ती दोन हजार झाली आणि आता वीस हजार आहे. म्हणजे आकडा तीस-तीस वर्षे, नाहीतर दीडशे वर्षे झोपतो आणि मग दचकून उठून उडी मारतो. मराठवाड्याला तर पैशाचे हे चंचलपण नवे नाही. निजामाच्या राज्यात हाली रुपया चाले आणि सात हाली दिले की सहा कलदार मिळत. रुपया म्हटले की कोणता, हा प्रश्न इथल्या म्हाताऱ्या माणसांनी प्रत्यक्ष सोसला होता.

आजचे पाच हजारही असेच झोपणार, कारण महागाईबरोबर आकडा वाढवण्याची कोणतीही तरतूद संहितेत नाही. पण त्याहून कठीण प्रश्न निराळा आहे. पाच हजार रुपये म्हणजे नेमके किती? महाराष्ट्रात 2025-26 या वर्षासाठी रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला 312 रुपये ठरली होती. त्या हिशेबाने पाच हजार म्हणजे सोळा दिवसांचे खोदकाम. सोळा दिवस उन्हात माती उचललेल्या बाईचा मोबाइल बाजारात गेला, तर तिचा अर्धा महिना गेला. त्याच गर्दीत एखाद्या बंगल्यातल्या गृहस्थाचे चार हजार गेले, तर त्याचे एका संध्याकाळचे हॉटेल गेले. कायद्याच्या काट्यावर बाईचे जरा जड भरेल किंवा हलकेही. पण दोघांना तो एकाच रेघेखाली बसवतो. उलट चाळीस हजारांचा मोबाइल वापरणाऱ्याची तक्रार आपोआप रेघेवर जाते. गरिबाजवळ महाग वस्तू नसते, म्हणून गरिबाची चोरी बहुधा 'लहान'च ठरते. कायद्याला असे करायचे नव्हते, हे मान्य. पण परिणाम तोच होतो.

शेताकडे वळले तर गुंता आणखी वाढतो. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला जाणे, ही आपल्या भागातली नेहमीची कहाणी. चोराला आतल्या तांब्याचे भंगाराच्या भावाने पैसे मिळतात. शेतकऱ्याला नवी केबल घ्यावी लागते. आणि केबल येईपर्यंत पाण्याची पाळी हुकते, कांदा माना टाकतो. मग किंमत कोणती धरायची? चोराला मिळाली ती, बाजारात आहे ती, की धन्याने सोसली ती? कायदा वस्तूची किंमत विचारतो. वस्तूमागे उभे असलेले पीक, बिनरेशमी का होईना पण लेकीच्या लग्नाचे लुगडे, तिसऱ्या इयत्तेतल्या पोराचे दप्तर, यांची किंमत त्याला विचारता येत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. काट्यावर वजन होते, दुःख होत नाही. पण काट्याने आपण दुःख मोजले असा दावा करू नये, इतके तरी म्हणता येते.

कायद्याला हे अगदीच कळत नाही असेही नाही. राहत्या घरातली चोरी, देवळातल्या मूर्तीची चोरी, सरकारी मालमत्तेची चोरी, यांना किंमत न पाहता सात वर्षांपर्यंतची कैद आहे. झोपडीतून दोनशे रुपये नेले तरी तो मोठा गुन्हा आहे, कारण तिथे पैशाबरोबर घराचा उंबरठाही लुटला गेला. म्हणजे चोरीत वस्तूखेरीज आणखी काही जाते, हे तत्त्व मान्य आहे. प्रश्न उरतो तो उंबरठ्याबाहेरच्या माणसाचा. आणि गरिबाचे निम्मे आयुष्य उंबरठ्याबाहेर, बाजारात, बांधावर आणि कामाच्या जागी जाते.

आता ठाण्यातला प्रसंग पाहू. तीन वर्षांपूर्वी नऊ हजारांना घेतलेल्या मोबाइलची आजची किंमत काय? फिर्यादी म्हणेल सहा हजार, कारण त्याला दखल हवी आहे. लिहून घेणाऱ्यापुढे आधीच कामाचा ढीग आहे. त्याला चार हजार म्हणण्याचा मोह होणारच नाही, असे कोणी छातीठोकपणे सांगावे? इंग्लंडातले ज्यूरर चोराचा जीव वाचवण्यासाठी किंमत पाडत. इथे एकाला किंमत चढवावीशी वाटणार आणि दुसऱ्याला पाडावीशी. जिथे शंभर रुपयांच्या फरकाने तपास होणार की नाही हे ठरते, तिथे दोन्ही बाजूंच्या प्रामाणिकपणावर रोज ताण पडतो. रेघ जितकी करकरीत, तितके तिच्या आसपासचे आकडे मऊ.

किंमत पाच हजारांखाली ठरली, की फिर्यादीच्या हाती अदखलपात्र नोंदीचा कागद येतो. अशा नोंदींचा अहवाल दंडाधिकाऱ्याकडे दर पंधरवड्याला जावा, अशी तरतूद आहे. फिर्यादीला स्वतः न्यायालयात जाऊन तपासाचा हुकूम मागताही येतो. पण सोळा दिवसांची मजुरी गेलेल्या माणसाने आणखी दोन दिवसांची मजुरी बुडवून न्यायालयाची पायरी चढावी, ही अपेक्षा कागदावरच शोभते. आणि इथे दुसरी म्हण आपला हिशेब मागायला येते. संहितेने पहिल्या चुकीला दया दाखवली आणि दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला किमान एक वर्षाची सक्तमजुरी ठेवली. योजना सुरेख आहे: पहिल्या खेपेला काकडीची म्हण, दुसऱ्या खेपेला काळाची. पण पहिली खेप नोंदली, तपासली आणि सिद्ध झाली, तरच दुसरी खेप 'दुसरी' ठरते. लहान चोरीचा तपासच झाला नाही, तर दहावी चोरीही कायद्याच्या वहीत पहिलीच. मग दया कोणाला मिळाली? चुकलेल्या पोराला नव्हे. कारण तो सापडलाच नाही, त्याला कोणी समजावले नाही, त्याच्या हातून सेवाही घडली नाही. दया मिळाली ती सरावलेल्या हाताला. काळ सोकावतो तो असा.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग रेघ पुसून टाका, लहान-मोठी प्रत्येक चोरी दखलपात्र करा. थांबा. या प्रश्नाला दुसरी बाजू आहे आणि महाराष्ट्राने ती डोळ्यांनी पाहिली आहे. 1871च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. 1952 साली तो शिक्का पुसला आणि त्या जमाती 'विमुक्त' झाल्या; पण कायद्यातून गेलेला शिक्का लोकांच्या नजरेतून जायला पिढ्या लागतात. मराठवाड्यातल्या लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' हे आत्मकथन 1987 साली आले. गावात काही हरवले की आधी कोणाचे पाल तपासले जाते, कोणाच्या बापाला मारत नेले जाते, हे ज्यांना ठाऊक नव्हते त्यांना ते त्या पुस्तकाने सांगितले. पारध्याच्या पोराला कोंबडीच्या संशयावरून वॉरंटाशिवाय उचलण्याचा अधिकार हाती असणे म्हणजे काय, ते त्या पालांना विचारावे. त्यांच्यासाठी पाच हजारांची रेघ ही उपेक्षा नसून ढाल आहे. ती काढून घ्या, असे सुखवस्तू माणसाने सहज म्हणू नये.

मग त्या मजूर बाईची बाजू घ्यायची की पालातल्या पोराची? मला वाटते, हा पेच आपण आपल्याच हाताने घातला आहे. एका रेघेकडून आपण तीन निरनिराळी कामे करून घेतो. पहिले, शिक्षा किती. दुसरे, पोलिसांनी वॉरंटाशिवाय धरावे की नाही. तिसरे, तक्रार ऐकून तपास करावा की नाही. पहिल्या दोन कामांना किमतीचे माप चालते. थोड्या मालासाठी माणसाला कोंडू नये आणि ओढूनही नेऊ नये, हे योग्यच आहे. तिसऱ्या कामाला ते माप चालत नाही. कारण पहिली दोन कामे चोराशी निगडित आहेत आणि तिसरे फिर्यादीशी. चोरावर दया करणे हे राज्याचे भूषण. पण ती दया फिर्यादीच्या खिशातून करू नये. राज्याने 'तुझे गेले ते आम्ही लिहून घेतो, शोधतो' एवढे म्हणायला वस्तूची किंमत विचारण्याचे कारण नाही.

हे अशक्य कोटीतले नाही. अटक आणि तपास या गोष्टी वेगळ्या करता येतात, हे आपल्या कायद्याने आधीच मान्य केले आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक ही आपोआप होणारी गोष्ट नाही, तिला कारणे लागतात, एरवी नोटीस देऊन बोलवावे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अर्नेशकुमार खटल्यात बजावले. हाच विचार एक पाऊल पुढे नेला, की पाच हजारांखालच्या चोरीचा तपास होईल, पण वॉरंटाशिवाय हात कोणाच्या मानगुटीवर पडणार नाही. पोलिसांची संख्या अपुरी आहे, हे खरे. पण कोणते काम आधी करायचे, हे माणसे किती आहेत यावरून ठरवणे वेगळे, आणि गरिबाचे काम कामच नव्हे, असे कायद्यात लिहून ठेवणे वेगळे.

राहिला आकडा. तो रुपयांत न बांधता मजुरीच्या दिवसांत बांधावा. ही कल्पना नवी नाही. फिनलंडमध्ये 1921 पासून दंड माणसाच्या दिवसाच्या मिळकतीवर आकारतात. मेक्सिकोच्या दंडसंहितेत चोरीच्या शिक्षेच्या पायऱ्या किमान वेतनाच्या पटीत होत्या. आकडा दिवसांत असला की तो झोपत नाही. मजुरी वाढली की तोही चालू लागतो. आणि 'सोळा दिवस' म्हटले की न्यायासनावरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर नोटा न येता घमेले डोक्यावर घेतलेला एक जीव येतो. कॅलिफोर्निया राज्यात 2014 साली लोकांनी मतदान करून 950 डॉलरांखालच्या चोऱ्या सौम्य ठरवल्या आणि 2024 साली पुन्हा मतदान करून, वारंवार चोरी करणाऱ्याला ती सौम्यता नाकारली. आकडा त्यांनी तसाच ठेवला. सवयीकडे पाहायला मात्र ते परत आले. आपल्या दोन म्हणींचे भांडण तिथेही पोचले आहे, एवढाच याचा अर्थ.

शेवटी कायद्याच्या पलीकडचे थोडे. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या पदरी असताना एकनाथांना हिशेबात एका पैची चूक सापडेना. रात्रभर दिवा जाळून ते बसले आणि पहाटे चूक सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली, असे सांगतात. त्याच एकनाथांच्या पैठणच्या घरात पुढे चोर शिरले, तेव्हा त्यांनी चोरांना जेवू घातले आणि बोटातली अंगठीही काढून दिली, असेही सांगतात. दोन्ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्या शेजारी ठेवून पाहत नाही. स्वतःच्या वहीत ज्यांना एक पै खपत नव्हती, त्यांना दुसऱ्याच्या हातात गेलेली अंगठी सहज खपली. रेघ त्यांनीही ओढली होती. स्वतःसाठी ती शून्यावर होती आणि दुसऱ्यासाठी क्षितिजावर.

राज्याला असे वागता येणार नाही. त्याला मधे कुठेतरी आकडा लिहावाच लागतो. पण घरात मुलांना शिकवताना आपण बहुधा उलटे करतो. दुसऱ्याच्या पोराने पेरू तोडला तर त्याला चोर म्हणतो. आपण हापिसातली कागदांची दस्ती घरी आणली, तर तिला 'एवढ्या-तेवढ्याचे काय' म्हणतो. पाच हजारांची रेघ न्यायालयासाठी आहे. आपल्या खिशात हात घालताना ती कामाची नाही.